लाल उजेडाची बॅटरी : कधी लावावी, कधी विझवावी

डिसेंबरातली, अमावास्येला लागून आलेली रात्र. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे गाव आहे. पाटणादेवीचे ठिकाण म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. तेथे शाळेतल्या पंचवीसएक मुलांना घेऊन आम्ही आकाश पाहायला बसलो होतो. पहिली दहा मिनिटे मुलांची कुरकुर चालली होती, "सर, विशेष काही दिसत नाही." अर्धा तास झाला आणि कुरकुर आपोआप थांबली. आकाशगंगेचा पट्टा उमटला. कृत्तिकांच्या पुंजक्यात सहाच्या पुढची सातवी तारका एका मुलीने मोजून दाखविली. देवयानी समूहातली ती प्रसिद्ध दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेला एक पुसट डाग, जवळजवळ डोक्यावर दिसू लागली.

तेवढ्यात एका मुलाला वहीत काही टिपून घ्यावेसे वाटले. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्याची बॅटरी लावली. फार तर पंधरा सेकंद. ती विझविल्यावर सगळ्यांनी वर पाहिले, तर आकाश पुन्हा पहिल्यासारखे ओसाड! दीर्घिका गेली, सातवी कृत्तिका गेली, आकाशगंगाही गेली. सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडले. खरे म्हणजे चूक माझी होती. रात्री बाहेर पडताना कोणता दिवा बरोबर घ्यावा, हे मी मुलांना सांगितलेच नव्हते. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आकाश पाहण्यासाठी पाटणची निवड आम्ही उगीच केली नव्हती. तेथल्या देवळात एक शिलालेख आहे. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ लिहिणारे थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये दान मिळाले, अशी हकिकत त्या लेखात आहे. म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी खगोलाचे पाठ चालत होते. त्या विद्यार्थ्यांजवळ मोबाइल नव्हता, तेलाचा दिवा होता. आणि गंमत अशी, की रात्री आकाश पाहणाऱ्याला मोबाइलच्या पांढऱ्याशुभ्र उजेडापेक्षा तो मिणमिणता, तांबूस दिवाच पुष्कळ बरा! असे का, हे कळण्यासाठी थोडे आपल्या डोळ्यात डोकावले पाहिजे.

डोळ्यातले दोन कारखाने

उन्हातून सिनेमागृहात शिरलात, की प्रथम काहीच दिसत नाही. खुर्च्या चाचपडत जावे लागते. थोड्या वेळाने शेजारच्याचा चेहराही दिसू लागतो. याचे कारण विचारले, तर बहुतेक विद्यार्थी सांगतात, "बाहुली मोठी होते." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. जरा हिशेब करू या. भर उन्हात बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो. अंधारात तो तरुण माणसात ७ मिलिमीटरपर्यंत वाढतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४९ भागिले ४. डोळ्यात शिरणारा प्रकाश फार तर बारापट झाला. पण अंधाराला सरावलेला डोळा उजेडातल्या डोळ्यापेक्षा लाखपटीच्या घरात अधिक संवेदनशील असतो! बाकीची वाढ कोठून आली?

ती आली डोळ्याच्या मागच्या पडद्यातून, म्हणजे दृष्टिपटलातून. तेथे दोन प्रकारच्या पेशी आहेत, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख आणि दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग ओळखतात आणि बारीक अक्षर वाचतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जेथे आपण रोखून पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा पडते, तेथे फक्त याच पेशी दाटीवाटीने असतात. दंडाकार पेशी सभोवार पसरलेल्या असतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी अल्प प्रकाशही त्या टिपतात. रात्रपाळी त्यांची.

या दंडाकार पेशींत र्‍होडॉप्सिन नावाचे जांभळट-लाल रंगाचे द्रव्य असते. प्रकाश पडला की ते विरते, त्याचा रंग उडतो आणि त्या बदलाचाच संदेश मेंदूकडे जातो. फ्रान्त्स बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये बेडकाच्या दृष्टिपटलावर हा रंग उडताना पाहिला. अंधारात हे द्रव्य पुन्हा तयार होते, पण सावकाश. शंक्वाकार पेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडाकार पेशींना मात्र पुरते सरावायला ३० ते ४० मिनिटे लागतात. पाटणला आम्ही अर्धा तास जे केले, ते एवढेच. आमच्या कोट्यवधी पेशींच्या टाक्या भरत होत्या आणि पंधरा सेकंदांच्या झोताने त्यांतला मोठा भाग रिकामा झाला. झोत जितका प्रखर आणि जितका वेळ, तितकी भरपाईही लांबते.

जाता जाता एक सांगतो. र्‍होडॉप्सिन बनविण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असते, हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दाखविले; डोळ्यावरील कामासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अ जीवनसत्त्व कमी पडले, की प्रथम रात्रीचे दिसेनासे होते. त्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, गाजर ही स्वस्त औषधे आपल्या दारात आहेत. ज्याला इतरांना दिसते ते संध्याकाळनंतर दिसत नाही, त्याने नवी बॅटरी घेण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे.

लालच का?

आता मूळ प्रश्न. दंडाकार पेशींना सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच लागू पडतो काय? नाही. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, अंगणातली जास्वंद पुरे. संध्याकाळी उजेड असताना तिच्याकडे पाहा. लालभडक फूल उठून दिसते, पाने त्यामानाने गडद. सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने पुन्हा पाहा. फूल जवळजवळ काळे पडलेले असते आणि पाने त्याच्यापेक्षा उजळ! फुलात काहीच बदल झालेला नसतो. तुमच्या डोळ्याने पाळी बदललेली असते. दिवसपाळीच्या शंक्वाकार पेशींनी काम दंडाकार पेशींकडे सोपविले आणि या नव्या कामगारांना लाल रंग दिसतच नाही म्हटले तरी चालेल. बोहेमियातील शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हा चमत्कार नोंदवून १८२५ मध्ये प्रसिद्ध केला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आकड्यांत सांगायचे तर दंडाकार पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक दाद देतात. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्यांची दाद तिच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. शंक्वाकार पेशींची दाद मात्र त्याच लाल प्रकाशात कमाल दादेच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी शिल्लक राहते. हीच ती फट! लाल उजेडात शंक्वाकार पेशी नकाशा वाचू शकतात आणि दंडाकार पेशींना शेजारी दिवा लागल्याची फारशी खबरच नसते.

मोबाइलमध्ये फोटो येण्यापूर्वीच्या काळात फोटोग्राफरची काळोखी खोली असे. तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना विचारा. तेथे लाल दिव्याखाली फोटो धुवत. कारण साधे होते. साध्या कृष्णधवल फोटोच्या कागदावरील चांदीच्या क्षारांना लाल प्रकाश लागत नाही, माणसाला मात्र त्यात हाताखालचे दिसते. आपले दृष्टिपटल हा असाच एक कागद आहे. दुसऱ्या महायुद्धात रात्री उडणाऱ्या वैमानिकांना उड्डाणापूर्वी अर्धा तास काळोखात बसावे लागे. अमेरिकेतील येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी त्यांना लाल काचांचे चष्मे घालण्यास सुचविले. चष्मा घालून वैमानिक उजेडात वाचत, बोलत बसत आणि बाहेर पडताना त्यांचे डोळे अंधाराला बरेचसे तयार असत.

पण लाल म्हणजे जादू नव्हे. लाल दिवाही झगझगीत असला तर नुकसान करतोच. हजारावा हिस्सा असला तरी तो शून्य नव्हे. माझे मत असे, की रंगापेक्षा मंदपणा अधिक महत्त्वाचा. अगदी मंद पिवळा दिवा हा प्रखर लाल दिव्यापेक्षा बरा. वहीतले अक्षर जेमतेम लागते आहे, एवढाच उजेड हवा. समईच्या ज्योतीत निळा भाग फार थोडा असतो आणि ज्योत मुळातच मंद असते. पाटणच्या मठातले विद्यार्थी नकळत दोन्ही गोष्टी साधत असत.

दुकानात काय पाहावे

हल्ली कपाळावर पट्ट्याने बांधायच्या बॅटऱ्या सर्रास मिळतात. त्यांना हेडलँप म्हणतात. हात मोकळे राहतात, म्हणून त्या सोयीच्या आहेत. पुष्कळांत पांढऱ्या दिव्याबरोबर एक लहान लाल दिवाही असतो. दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवील, "पाहा, उजेड किती लांब जातो!" तुम्ही त्याला विचारा, उजेड कमी किती करता येतो? त्याला हा प्रश्न नवा वाटेल. वाटू द्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बटणाची. कित्येक बॅटऱ्यांत एकच बटण असते आणि ते दाबत गेले, की प्रथम प्रखर पांढरा, मग मंद पांढरा, मग लाल अशी पाळी येते. म्हणजे लाल लावण्यासाठी आधी पांढरा झोत डोळ्यात घ्यायचा! अशी बॅटरी आपल्या कामाची नाही. लाल दिव्याला वेगळे बटण हवे, किंवा शेवटी लावलेला रंग लक्षात ठेवून पुन्हा तोच लागण्याची सोय हवी. दुकानातच दोन-चार वेळा लावून, विझवून पाहा.

सेलचाही विचार करा. आत बसविलेली, तारेने भारित करायची बॅटरी घरी बरी. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर मुक्काम असला, तर गावच्या दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल ज्यात बसतात तीच उपयोगी. आणि हेडलँप लावलेला माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्या तोंडाकडे पाहतो, म्हणजे झोत थेट समोरच्याच्या डोळ्यात. बोलताना तो खाली वळविण्याची सवय लावून घ्यावी लागते. मोठ्यांनाही ती सहजी लागत नाही.

नवी बॅटरी घ्यायलाच हवी असे मात्र नाही. दिवाळीत आकाशकंदिलासाठी आपण जो लाल जिलेटीनचा कागद आणतो, त्याचे दोन-तीन पदर बॅटरीच्या काचेवर रबरबँडने बसवा. झाली लाल बॅटरी. तारेच्या बल्बची जुनी बॅटरी घरात असेल, तर ती या कामाला फार चांगली, कारण तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो. आजच्या पांढऱ्या एलईडीची गोष्ट उलटी आहे. डोळ्याला दिसणारा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनविला, तो लालच होता. निळा, चांगला प्रखर एलईडी जमायला आणखी तीस वर्षे लागली. ते साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. आजच्या बॅटरीतला पांढरा एलईडी म्हणजे बहुधा हाच निळा एलईडी आणि त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पुडीचा थर. त्यामुळे त्याच्या पांढऱ्या प्रकाशात निळा भाग ठासून भरलेला असतो, आणि नेमका तोच आपल्याला नको आहे.

आपला कागद निळा आणि हिरवा भाग पुरता अडवितो की नाही, हे कसे ओळखाल? घरात एखादी जुनी सीडी असेलच. तिच्या पृष्ठभागावर १.६ मायक्रोमीटर अंतराने बारीक चऱ्यांची ओळ असते आणि त्या चऱ्या लोलकाप्रमाणे प्रकाशाचे रंग वेगळे करतात. अंधाऱ्या खोलीत कागद लावलेली बॅटरी सीडीवर तिरपी धरा आणि परावर्तित रंगपट्टा पाहा. फक्त लाल दिसला तर उत्तम. शेजारी हिरवी किंवा निळी किनार दिसली, तर आणखी एक पदर चढवा.

मोबाइलच्या पडद्याबद्दल वेगळे सांगायला नकोच. रात्री पडदा पिवळट करण्याची सोय त्यात असते, पण तिने निळा भाग कमी होतो, नाहीसा होत नाही. आकाशाचा नकाशा मोबाइलवरच पाहायचा असेल, तर पडद्यावरही तोच लाल कागद चिकटवा.

पाणवठ्यावर आणि केळीच्या बागेत

तारे पाहणाऱ्याखेरीज आणखी कोणाला लाल दिवा लागतो? रात्री जंगलात मचाणावर बसणाऱ्याला. आपल्या राज्यातल्या अभयारण्यांत वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजणी करण्याची पद्धत आहे. रावेर-यावलकडच्या सातपुड्यात बिबट्या, अस्वल, तरस हे सगळे रात्रीचे फिरस्ते. मोजणीला पौर्णिमा निवडतात ती यासाठी, की चांदण्यात बॅटरीची गरजच पडू नये. तरीही वहीत वेळ टिपायला दिवा लागतोच, आणि तेथे मंद लाल उजेड दुहेरी उपयोगी पडतो. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंक्वाकार पेशी आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांत दोनच. आपल्याला लाल दिसणारा प्रकाश त्यांना फार फिका दिसतो. पण त्यांना तो मुळीच दिसत नाही असे समजून बॅटरी नाचवू नका. शिवाय कान आणि नाक त्यांच्यापाशी आहेच.

किड्यांचेही तसेच. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांना अतिनील आणि निळा प्रकाश अधिक ओढतो, लाल कमी. पावसाळा संपता संपता हेडलँप लावून वही लिहू पाहा. पांढऱ्या उजेडात किडे तोंडावर येतात, लाल उजेडात पुष्कळच कमी. कपाशीच्या शेतात पतंग पकडायला जे प्रकाश-सापळे लावतात, त्यांत लाल दिवा का नसतो, ते आता तुमच्या लक्षात येईल.

घुबडे पाहायला निघणाऱ्यांसाठी एक गंमत सांगून ठेवतो. आपल्या सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८८४ नंतर ११३ वर्षे ते कोणालाच खात्रीने दिसले नव्हते. नामशेष झाले असेच धरून चालत. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पुन्हा सापडले. ते पाहायला लाल बॅटरी न्याल, तर फुकट जाल. हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो!

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती आकाशाची नाही, आपल्या शेतातली आहे.

शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीपाळीने वीज देण्याची पद्धत आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली खरी, पण रात्री पाणी भरायला जाणे म्हणजे काय, हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. केळीच्या बागेत वडील किंवा काका रात्री एक वाजता बारे धरायला निघतात. तुम्ही सोबत जाता. तुमच्या खिशात नवी लाल बॅटरी असते आणि नुकताच हा लेख वाचलेला असतो. तेथे ती लाल बॅटरी लावू नका.

कारण असे. फुरसे हा आपल्याकडचा विषारी साप जेमतेम हात-दीड हात लांबीचा. त्याचा रंग मातीसारखा तपकिरी, अंगावर फिकट नक्षी. घोणस अशीच पाचोळ्याच्या रंगाची. या सापांना मातीपासून आणि वाळल्या पानापासून वेगळे ओळखायला आपल्या डोळ्याजवळ मुख्य साधन म्हणजे रंगांतला सूक्ष्म फरक आणि नक्षीची स्पष्ट किनार. लाल उजेडात रंग नाहीसे होतात. माती, पाचोळा, साप सगळे एकाच तांबूस छटेचे. त्यातून उजेड मंद. मण्यार काळी आणि पांढऱ्या पट्ट्यांची असल्यामुळे त्यामानाने उठून दिसेल, पण ती खास रात्रीच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. दंश झाल्याचेच कळत नाही आणि उपचाराला उशीर होतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली.

म्हणून बसल्या जागी लाल, पाय उचलला की पांढरा. शेताच्या बांधावर प्रखर पांढरा झोत आपल्या पावलांच्या दोन-तीन हात पुढे पडला पाहिजे. येथे डोळ्याचा अंधाराशी सराव मोडला तर मोडू द्या. पायात गमबूट किंवा निदान पूर्ण बंद बूट आणि हातात काठी असावी. कपाळावरचा दिवा येथे फार कामाचा, कारण एका हातात फावडे असते. तरीही कोणाला दंश झालाच, तर त्याला चालवू नका. हालचाल न करता झोपवून १०८ वर फोन करा आणि तडक सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर प्रतिविष आहे. मांत्रिकाकडे गेलेला तासच बहुधा नडतो. जखम पाहतानाही पांढराच दिवा लावा. लाल उजेडात त्वचेवरचे रक्त नीट ओळखू येत नाही.

लाल बॅटरीबद्दल आणखी एक सावधगिरी भुसावळकरांना तरी ठाऊक असेल. रेल्वेत लाल दिवा म्हणजे 'थांबा'. गाडीच्या गार्डकडे (२०२२ पासून त्यांचे पदनाम ट्रेन मॅनेजर असे झाले आहे) रात्रीच्या खुणांसाठी रंगीत उजेडाची बॅटरी असते. रुळांजवळून जाताना तुमची लाल बॅटरी लागलेली असली आणि ड्रायव्हरला ती दिसली, तर तो गाडी थांबविणार, आणि त्याने तसेच करायला हवे. पांढरा दिवा जोरजोराने हलविला तरी रेल्वेच्या नियमानुसार तो थांबण्याचाच इशारा. तेव्हा रुळांच्या आसपास दोन्ही दिवे जमिनीकडे आणि स्थिर.

करून पाहा

हे सगळे मी सांगतो म्हणून खरे मानू नका. दोन प्रयोग आहेत.

पहिल्याला अंधारी गच्ची आणि अर्धा तास पुरे. अर्धा तास काळोखात बसा. मग एक डोळा हाताने पुरता झाका आणि उघड्या डोळ्याने मिनिटभर पांढऱ्या बॅटरीच्या उजेडात पुस्तक वाचा. बॅटरी विझवा. आता आळीपाळीने एकेका डोळ्याने अंगण पाहा. झाकलेल्या डोळ्याला झाडे, भिंती, वाळत घातलेले कपडे दिसतील; दुसऱ्याला काळोख. दोन्ही डोळे आपापले स्वतंत्रपणे सरावतात. तुमच्या शेजारचा कोणी अचानक दिवा लावू लागला, तर चटकन एक डोळा मिटून घ्या. निदान निम्मे भांडवल वाचेल.

दुसरा प्रयोग कृत्तिकांचा. डिसेंबर-जानेवारीत, चंद्र नसलेल्या रात्री, आठाच्या सुमारास त्या उंचावर असतात. १३-१४ डिसेंबरच्या रात्री बसलात, तर मिथुन राशीतल्या उल्का वरकड मिळतील. चार-पाच जणांनी मिळून बसावे. प्रथम बाहेर पडल्याबरोबर किती तारका दिसतात ते प्रत्येकाने मोजावे. मग चाळीस मिनिटांनी मोजावे. नंतर मंद लाल उजेडात दोन मिनिटे वाचून लगेच मोजावे. शेवटी पांढऱ्या उजेडात दोन मिनिटे वाचून पुन्हा मोजावे, आणि पहिला आकडा परत यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे. सरळ रोखून न पाहता किंचित बाजूला पाहिले, तर एक-दोन तारका अधिक सापडतील. दृष्टिपटलाच्या मध्यावर दंडाकार पेशी नसतात, हे वर आलेच आहे. एकमेकांना आकडे सांगू नका, नाहीतर सगळ्यांना सातच दिसतील.

आकडे प्रत्येकाने लाल उजेडातच, आपापल्या वहीत टिपायचे आहेत. त्यासाठी निळे किंवा काळे पेन न्या. गुरुजींचे लाल पेन नेलेत, तर लाल दिव्याखाली पांढरा कागदही लाल आणि शाईही लाल. पान कोरेच दिसेल आणि एका ओळीवर तुम्ही दुसरी ओळ लिहून ठेवाल.